शरण आलेल्याची मर्यादा कोणी राखावी?

देहाची जखम डोळ्यांना दिसते. पाय मोडलेला माणूस दारात आला की पोरेसोरेसुद्धा बाजूला सरून त्याला वाट देतात. मनाची जखम तशी दिसत नाही. रात्ररात्र झोप नाही, छातीत धडधड, उगीच रडू येते, कानांत कोणी बोलल्यासारखे वाटते, जीव नकोसा होतो. असा माणूस घरात बसून असतो आणि घरचे म्हणतात, "याला झालंय तरी काय? खातोय, पितोय, चांगला धडधाकट आहे." शेवटी फार झाले म्हणजे तो कोणाच्या तरी पायाशी जाऊन बसतो. त्याने नवऱ्याला, बायकोला, आईला जे सांगितले नाही ते तो या परक्या माणसाला सांगतो. मनाच्या सगळ्या किल्ल्या त्याच्या हाती देतो.

आता प्रश्न असा की, ज्याच्या हाती या किल्ल्या आल्या त्याने काय करावे? आणि त्याने त्यांचा गैरवापर केला तर दोष कोणाचा? देणाऱ्याचा, की घेणाऱ्याचा? या महिन्यात आम्ही याच प्रश्नाचा विचार करणार आहोत. विषय अवघड आहे आणि चारचौघांत बोलला जात नाही. परंतु न बोलल्यानेच तो वाढतो.

आमच्या सातारा-सांगलीकडची रीत सर्वांच्या माहितीची आहे. घरात कोणाचे मन बिघडले तर पहिली वाट बहुधा देवऋष्याकडे जाते. मग औदुंबर होते, नरसोबाची वाडी होते, मांढरदेवीचा डोंगर होतो. कोणी मिरजेच्या दर्ग्यात जाऊन बसतो. पुष्कळ दिवस आणि पुष्कळ पैसा गेल्यावर मग डॉक्टर आठवतो. वास्तविक वॉन्लेस साहेबांनी १८९४ साली इस्पितळ काढल्यापासून मिरज ही डॉक्टरांची पेठच झालेली आहे, आणि सातारा, कऱ्हाड, सांगली येथेही आज मनाच्या आजारावर औषध देणारे डॉक्टर आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारची मनोरुग्णालये तर पूर्वापार आहेत. आजारावर औषध घ्यावे हे आम्ही निःशंकपणे सांगतो. देवाचे नाव घेऊ नये असे मात्र त्यात कोठेच येत नाही. नामाने धीर येतो, औषधाने झोप येते. दोन्ही पांडुरंगाचीच देणी आहेत.

परंतु आजचा प्रश्न देवऋषी बरा की डॉक्टर बरा, हा नव्हे. दुःखी माणसासमोर जो बसला आहे, मग तो गादीवर बसलेला असो की खुर्चीवर, त्याने कसे वागावे, हा आहे.

कारण बिघाड दोन्हीकडे झालेला आपण पाहतो. जून २०२२ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ गावी एकाच कुटुंबातील नऊ माणसे मृत्युमुखी पडली. आधी वाटले, कर्जापायी आत्महत्या. पुढे पोलिसांनी सोलापूरकडच्या एका मांत्रिकाला व त्याच्या साथीदाराला धरले, आणि गुप्तधनाच्या आमिषाने पैसा उकळून शेवटी विष दिल्याचा आरोप ठेवला. सांगली जिल्ह्याच्या काळजाला लागलेली ती गोष्ट आहे. तिथे ओढ पैशाची होती. मनाच्या आजाराचे निमित्त करून देहावरच घाला घातल्याचे उदाहरण राजस्थानातले आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये आसाराम बापूंच्या आश्रमशाळेत शिकणाऱ्या एका अल्पवयीन मुलीच्या आईबापांना सांगण्यात आले की, मुलीला बाधा झाली आहे आणि बापूच ती काढतील. आईबापांनी स्वतः मुलीला जोधपूरजवळच्या आश्रमात नेले. पुढे जे घडले त्याबद्दल एप्रिल २०१८ मध्ये जोधपूरच्या न्यायालयाने आसारामला आजन्म कारावासाची शिक्षा ठोठावली. आईबाप बाहेर बसून नामजप करीत होते, असे त्या वेळी छापून आले होते. वाचवत नाही, पण वाचले पाहिजे.

यावर कोणी सुशिक्षित गृहस्थ म्हणेल, "म्हणून तर आम्ही सांगतो, बुवांकडे जाऊ नका, शिकलेल्याकडे जा." तर तेही ऐका. जानेवारी २०२५ मध्ये नागपुरात एका मानसोपचार करणाऱ्याला अटक झाली. तो मुलांच्या अभ्यासाचे, वागणुकीचे समुपदेशन करी, शिबिरे घेई. पोलिसांचे म्हणणे असे की, सुमारे पंधरा वर्षांत पन्नासाच्या आसपास विद्यार्थ्यांचे त्याने शोषण केले आणि छायाचित्रे दाखवून त्यांची तोंडे बंद ठेवली. त्याच्याकडे पूर्वी शिकलेल्या एका स्त्रीने, लग्न होऊन संसारात पडल्यावर, धीर करून तक्रार केली तेव्हा हे उघडकीस आले. खरेखोटे न्यायालयात ठरेल. पण भिंतीवर पदवीची चौकट लावली म्हणजे माणूस आपोआप भरवशाचा होतो, हा भ्रम त्या बातमीने दूर व्हावा.

अशा प्रकरणात आरोपी एक ठराविक उत्तर देतो, आणि खेदाची गोष्ट अशी की गावही तेच बोलते. "ती स्वतःच्या पायांनी आली होती. तिला कळत नव्हते का? तिचीच इच्छा होती." सगळा घोटाळा या वाक्यात आहे, म्हणून तेथे जरा थांबू.

दुःखाने खचलेल्या माणसाला कोणी प्रथमच मन लावून ऐकले, त्याचे अश्रू पाहून हसले नाही, तर त्या ऐकणाऱ्यावर त्याचा जीव जडतो. त्याला वाटते, हाच माझा बाप, हाच माझा सखा, हाच माझा देव. हे पुरुषांचेही होते, स्त्रियांचेही होते. त्यात रुग्णाचे पाप काही नाही. तापाने अंग जसे तापते, तसे हे आजाराबरोबर आणि उपचाराबरोबर येते. मनाच्या उपचाराचे एक आद्य प्रवर्तक फ्रॉइड यांनी १९१५ साली याच विषयावर एक निबंध लिहिला. रुग्णाच्या मनात असे प्रेम उपजते ते डॉक्टरच्या रूपागुणाने नव्हे, तर उपचाराच्या प्रसंगामुळे. म्हणून डॉक्टरने ते आपल्या मोठेपणाला चिकटवून घेऊ नये आणि त्याला प्रतिसादही देऊ नये, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. म्हणजे हे ज्ञान शंभर वर्षांहून जुने आहे. "मला कळले नाही, मीही वाहवलो," असे म्हणायला शिकलेल्या उपचारकाला जागा नाही.

आणि आपल्याला तर याहून जुना दाखला आहे. तुकोबारायांकडे एकांतात एक स्त्री वाईट हेतू मनात घेऊन आली, ही कथा आपण कीर्तनातून अनेकदा ऐकतो. त्या प्रसंगावर महाराजांचे अभंगही आहेत. कीर्तनकार ती कथा महाराजांचे वैराग्य दाखवण्यासाठी सांगतात, ते योग्यच आहे. परंतु त्यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आमचे लक्ष जाते. महाराजांनी तिला आई म्हटले, परस्त्री आपल्याला रुक्मिणीमातेच्या ठिकाणी आहे असे सांगितले, आणि परत पाठवले. तिला शिव्या दिल्या नाहीत. गाव गोळा करून तिची फजिती केली नाही. आणि "ती आली, मी काय करू?" असेही म्हटले नाही. मर्यादा राखण्याचे काम त्यांनी आपल्या अंगावर घेतले. येणाऱ्याच्या मनात काय आहे, यावर आपले वागणे त्यांनी अवलंबून ठेवलेच नाही. खुर्चीवर किंवा गादीवर बसणाऱ्याचा धर्म तो हाच. समोरचा भान विसरला तर आपण दुप्पट भानावर यावे.

शरण आलेल्याचा होकार हा होकार धरायचा नसतो, तो एवढ्याचसाठी. बुडणारा माणूस हात देणाऱ्याला काय वाटेल ते कबूल करील. काठावर ओढून घेताना त्याची अंगठी काढून घ्यायची आणि म्हणायचे, "त्यानेच हात पुढे केला," याला न्याय कोण म्हणेल?

येथे एखादा निष्ठावंत माळकरी आम्हाला अडवील. तो म्हणेल, "संतांनीच सांगितले आहे की गुरूला तन, मन, धन अर्पावे. माउलींनी तेराव्या अध्यायात आचार्योपासना या एका शब्दावर किती ओव्या खर्च केल्या आहेत! मग शिष्याने मर्यादा कोठे घालायची?" प्रश्न खरा आहे, तो टाळून चालणार नाही. आमचे उत्तर असे. त्या ओव्या पुन्हा उघडून वाचाव्या. गुरूचे दास्य करीन, गुरूच्या घरची सगळी कामे मीच होईन, ही सगळी तळमळ तेथे शिष्याची आहे. शिष्य देतो आहे. गुरू मागतो आहे असे त्यात कोठेच नाही. निवृत्तिनाथांनी ज्ञानोबांकडे काय मागितले? गीतेचा अर्थ लोकांसाठी मराठीत सांग, एवढेच. आणि तेही जगासाठी. तुकोबांना तर बाबाजींनी स्वप्नात येऊन मंत्र दिला. मागितले ते पावशेर तूप, आणि तेही द्यायचे राहून गेले! आपल्या परंपरेतल्या गुरूचा हिशेब हा एवढा आहे. शरणागती शिष्याच्या मनातून उगवते तोवर ती भक्ती होय. तीच गुरूच्या तोंडून हुकूम होऊन बाहेर पडली की तो धंदा झाला. देहाची मागणी आली की तो अत्याचार झाला.

तुकोबांनी कीर्तनकाराला घालून दिलेला दंडक आपल्याला पाठ आहे. ज्या घरी कीर्तन केले तिथे जेवू नये, कपाळी बुका आणि गळ्यात हार घालून घेऊ नये, आणि आपल्या जनावराला वैरणदेखील मागू नये. बाहेरच्या माणसाला हे फार कडक वाटेल. एका हाराने काय बिघडते? परंतु महाराजांना माणसाचे मन ठाऊक होते. श्रोता भावाने ओथंबलेला असतो, त्या घडीला तो काहीही देईल. म्हणून त्या घडीला काहीच घेऊ नये. आज शहाणे उपचारक आपल्यासाठी जे नियम करतात, रुग्णाकडून भारी भेट घेऊ नये, त्याच्याशी पैशाचा व्यवहार करू नये, त्याला आपल्या घरच्या कामाला लावू नये, ते याच जातीचे आहेत. चरकसंहितेत वैद्यकी शिकणाऱ्याला जी शपथ सांगितली आहे तिच्यातही परस्त्रीची आणि परधनाची इच्छा धरू नये, घरच्या कर्त्याला नकळत स्त्रीने दिलेले काही घेऊ नये, आणि रोग्याच्या घरातल्या गोष्टी बाहेर बोलू नयेत, असे बजावले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याला आणि देहूच्या वाण्याला जे कळले, ते आजच्या पदवीधराला जड का जावे?

ठरलेली फी घेणे यात कमीपणा नाही, हेही सांगून ठेवतो. फी दिली, पावती घेतली, हिशेब संपला. उलट "आम्ही काही घेत नाही" म्हणणाऱ्याकडे जरा सावधपणे पाहावे. फुकट झालेल्या उपकाराला मोजमाप राहत नाही. ते ऋण कधीच फिटत नाही, आणि न फिटणाऱ्या ऋणापोटी माणूस जमीन लिहून देतो, पोरगी सेवेला ठेवतो. खरे निःस्वार्थी लोक आहेत, त्यांना आमचा दंडवत. परंतु खरा निःस्वार्थी माणूस उपकार बोलून दाखवीत नाही आणि तुम्हाला बांधूनही ठेवीत नाही.

याचा अर्थ उपचारकाने दगड व्हावे असा नाही. साताऱ्यासारख्या गावात डॉक्टर आणि रोगी लग्नात एका पंगतीला बसतात, एका दिंडीत चालतात. रोग्याच्या मुलीचे लग्न ठरले आणि त्याने दोन पेढे आणून दिले, तर डॉक्टरने ते हात जोडून परत करावेत असे आम्ही म्हणणार नाही. त्या पेढ्याने कोणाचे समाधान झाले ते पाहावे. रोग्याचे झाले असेल तर गोड मानून घ्यावे. पण उपचारकच वाट पाहू लागला, त्यालाच रुग्णाची भेट, स्तुती, सहवास हवासा वाटू लागला, तर तेथे पाय घसरायला लागला असे जाणावे. बलात्कारापर्यंत कोणी एका दिवसात पोचत नाही. आधी अवेळी फोन होतो, मग आपलेच रडगाणे रुग्णाला ऐकवणे होते, मग "तू इतरांसारखी नाहीस" होते. उतार हळूहळू लागतो.

मग साध्या माणसाने ओळखावे कसे? एक खूण आम्ही सांगतो. मनाच्या उपचाराला एकांत लागतो, हे खरे. रुग्णाचे गुपित उपचारकाने प्राणापलीकडे जपावे, हेही खरे. पण उपचारकाचे गुपित रुग्णाने जपायचे, असा नियम कोठेही नाही. "आपल्यात काय झाले ते घरी सांगू नकोस," असे ज्या क्षणी डॉक्टर, समुपदेशक, बुवा किंवा महाराज म्हणेल, त्या क्षणी उठावे आणि घरी जाऊन तेच आधी सांगावे. तसेच, चालू औषध परस्पर बंद करायला लावणारा, घरच्यांपासून तोडणारा, पूर्वजन्मीचे नाते सांगणारा, यांच्यापासून दूर राहावे. आपला संप्रदाय उघड्यावरचा आहे. माळ घालतात ती चारचौघांत. लोणंदच्या तळावर किंवा चांदोबाच्या लिंबाच्या रिंगणात काय लपलेले असते? विणेकऱ्याच्या पायांवर सारे डोके ठेवतात आणि तोही उलट त्यांच्या पाया पडतो. ज्याच्या पाया पडलो तोही आपल्या पाया पडतो, अशी रीत ज्यांनी घातली त्यांनी अंधाऱ्या खोलीतल्या गुरुबाजीला दार बंदच केले होते.

कायदाही आता पाठीशी आहे. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यांनी वर्षानुवर्षे मागणी केलेला जादूटोणाविरोधी कायदा आधी वटहुकमाने आणि त्या डिसेंबरात विधिमंडळाच्या मंजुरीने आला. भूत उतरवण्यासाठी मारहाण करणे, साखळीने बांधणे, अलौकिक शक्तीचा किंवा गतजन्मीच्या नात्याचा बहाणा करून देहसंबंध ठेवणे, हे त्यात गुन्हे आहेत. सहा महिने ते सात वर्षे कैद आहे. संप्रदायातील पुष्कळांना त्या काळी शंका होती की वारी-कीर्तनावर गदा येईल. परंतु यात्रा, प्रदक्षिणा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही, असे त्यातच लिहिलेले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळदंड घालण्यास कोणत्याही प्रकारे मनाई केली. डॉक्टरांसाठी २००२ ची आचारसंहिता आहे, तीत रुग्णाशी अनुचित संबंध हे गैरवर्तन ठरवले असून तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करता येते. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, अधिकाराच्या किंवा विश्वासाच्या नात्याचा गैरफायदा घेऊन आपल्या ताब्यातील स्त्रीला देहसंबंधास वळवणे हा, बलात्कार ठरत नसला तरी, पाच ते दहा वर्षांच्या सक्तमजुरीचा गुन्हा आहे. तिने "हो" म्हटले होते, एवढ्यावर तो सुटत नाही. मनाचा त्रास असणाऱ्यासाठी १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे. तेथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.

राहता राहिली सर्वांत कठीण गोष्ट. असा माणूस आपल्यातलाच निघाला तर? गळ्यात तुळशीमाळ, कपाळी गोपीचंदन, हजारांचा श्रोतृवर्ग. त्या वेळी गावात कुजबुज होते, "झाकून टाका, संप्रदायाचे नाव जाईल." आम्ही म्हणतो, नाव जाते ते झाकल्याने. गाडगेबाबांनी जन्मभर देवऋष्यांवर आणि बुवांवर कीर्तनातून कोरडे ओढले, कोणाला शिष्य केले नाही, कोणाला पाया पडू दिले नाही; त्यामुळे पंढरीचे काही उणे झाले का? उलट त्यांनी वारकऱ्यांसाठी धर्मशाळा बांधल्या. माळेचा मान राखायचा असेल तर माळेआड लपणाऱ्याला आधी बाहेर काढले पाहिजे.

आणि जी लेक, जी सून, जो पोरगा हिंमत करून सांगतो, त्याचे ऐकताना "तू गेलीसच कशाला?" हा प्रश्न प्रथम तोंडातून येऊ नये. ती गेली, कारण तिला दुखत होते. दुखणाऱ्याने दार ठोठावणे हा गुन्हा नव्हे. दार उघडून जो लुटतो, गुन्हा त्याचा. पांडुरंगाच्या दारी अठ्ठावीस युगे शरण आलेल्यांची रांग लागली आहे, आणि त्याने दोन्ही हात स्वतःच्या कमरेवर ठेवले आहेत. त्याच्या नावाने जे कोणी दुःखिताला जवळ करतात, मग ते वैद्य असोत की बुवा, त्यांनी आपले हात कोठे असावेत हे त्याच्याकडे पाहून शिकावे, एवढीच त्याच्या चरणी प्रार्थना.

॥ राम कृष्ण हरि ॥